फुलपुडीचा रतीब

पुडी लावायची म्हणजे फुलवाल्याच्या दुकानात जाऊन एकदाच बोलायचे. घर कुठले ते सांगायचे, देवघरात देव कोणते ते सांगायचे. मग तोच विचारतो. संकष्टीला दूर्वा लागतात का? सोमवारी बेल टाकू? शनिवारी मारुतीला रुईची माळ हवी की नुसती पाने चालतील? कडीला अडकवू की वरून पिशवी सोडता? एवढे बोलणे झाले की त्याच्या वहीत एक नाव वाढते आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाच्या आत दाराशी ताजी फुले येऊ लागतात. त्यानंतर वर्षानुवर्षे पुन्हा सांगावे लागत नाही. सासूने लावलेली पुडी सुनेच्या काळात चालू आहे, अशी घरे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतील.

आता शहरात मोबाइलवर बोट ठेवले की फुले घरी येतात. सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरपोच फुलांचा धंदा जणू आता कुठे सुरू झाला, असे कोणी बोलू लागले की मला आमच्या गावाकडच्या फुलवाल्यांची बाजू मांडावीशी वाटते. त्यांची व्यवस्था जास्त बारकाईने आखलेली आहे आणि ती माणसाच्या ओळखीवर उभी आहे. गिऱ्हाइकाला आज काय लागणार, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी ठाऊक असते.

दुकान बहुधा आठ बाय दहाचे. पुढे फळीवर झेंडूचे ढीग, वर आडव्या काठीला हार टांगलेले, कोपऱ्यात पाण्याच्या बादल्यांत गुलाब आणि जरबेरा. खरे काम मात्र घरी चालते, रात्री जेवणे उरकल्यावर किंवा पहाटे चारला. घरातल्या बायका गोणपाटावर बसतात. समोर वेगवेगळे ढीग असतात: झेंडू, शेवंती, ॲस्टर, तगर, तुळशीच्या मंजिऱ्या, दूर्वांच्या जुड्या. कागदाचा चौकोन डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या हाताने प्रत्येक ढिगातून ठरलेली फुले उचलायची. जड फुले खाली, नाजूक वर. सगळ्यात वर जास्वंदीची कळी. कळीच, फूल नव्हे. जास्वंद एका दिवसाची धनीण. उमललेली तोडली तर पूजेच्या वेळेपर्यंत मलूल होते. म्हणून संध्याकाळी पक्की कळी खुडून ठेवायची, ती सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी उमलते. मग कागदाच्या चारही बाजू वर घेऊन दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. गाठ मारत नाहीत, टोक नुसते आत खोचतात. पूजेला बसलेल्या आजींनी कात्री कुठे शोधायची? टोक ओढले की पुडी सुटते. बसल्या बैठकीला शेकड्यांनी पुड्या बांधणारे हात मी पाहिले आहेत. गप्पा चालू असतात आणि फुलांची मोजणी चुकत नाही.

पूर्वी पुडी केळीच्या किंवा पळसाच्या पानात यायची आणि केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली असायची. मधल्या काळात पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. फुलांना त्या सर्वांत वाईट. आत वाफ धरते आणि पाकळ्या काळ्या पडतात. 2018च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बरेच जण कागदाकडे परतले. ही बंदी फुलांच्या पथ्यावर पडली, एवढे नक्की.

माल येतो दोन वाटांनी. एक वाट शिवारातून. गावाभोवतीचे शेतकरी दहा-वीस गुंठ्यांत झेंडू, शेवंती, गुलछडी करतात आणि पहाटे मोटारसायकलला क्रेट बांधून दुकानात आणून टाकतात. यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘फुले रजनी’ ही गुलछडी असते, दिल्लीच्या संस्थेचा ‘पुसा नारंगी’ झेंडू असतो, आणि बाजारात ‘कलकत्ता’ म्हणून ओळखला जाणारा गच्च पाकळ्यांचा झेंडू तर असतोच. दूर्वा, बेल, रुई, आघाडा यांची शेती सहसा कोणी करत नाही. ती आणणाऱ्या बाया वेगळ्या. बांधावर, ओढ्याकाठी वाकून वाकून त्या तीन पात्यांच्या दूर्वा खुडतात आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधतात. या सगळ्या धंद्यात सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी पैशाचे काम हेच. पुडीची किंमत ठरवताना ते कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरी वाट मोठ्या बाजाराची. पुण्याचे गुलटेकडीचे मार्केट यार्ड किंवा मुंबईत दादरचा फूलबाजार. तिथली भाषा वेगळी. देठासकट फूल ते काडी, देठाविना सुटे फूल ते सुट्टे, गावठी गुलाबाची गड्डी, आणि पॉलिहाऊसमधला तो डच गुलाब. मावळात तळेगाव दाभाडेच्या आसपास या डच गुलाबाची मोठी पॉलिहाऊसे आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथला चांगला माल व्हॅलेंटाइन डेसाठी विमानाने परदेशी जातो. तालुक्याच्या दुकानात तोच गुलाब वाढदिवसाच्या गुच्छात दिसतो. त्याला गारवा लागतो, म्हणून फुलवाल्याने अलीकडे काचेचा फ्रीज घेतलेला असतो. झेंडूला फ्रीज लागत नाही. त्याला ओले फडके पुरते, पण वर पाणी मारलेले सोसत नाही. पाकळ्यांच्या दाटीत पाणी अडकले की तो आतून कुजायला लागतो. म्हणूनच ऐन दसऱ्याला पाऊस झाला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. ओल्या मालाचा भाव पडतो आणि कोरडा माल हातात राहत नाही.

फुलांच्या भावाचे पंचांग या लोकांना पाठ असते. श्रावणापासून मागणी चढते, गणपतीत कळस गाठते. पितृपक्षात भाव एकदम खाली येतो. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तोच झेंडू उसळी घेतो. मोगरा उन्हाळ्याचा. उमलण्याआधीची टपोरी कळी सकाळी खुडतात, ती संध्याकाळी उमलते आणि लग्नाच्या मांडवात वास दरवळतो. पण बाजारभाव रोज वरखाली होतो तरी पुडीचा महिन्याचा दर तोच राहतो. दसऱ्याला तोटा सोसायचा, पितृपक्षात भरून काढायचा. वर्षाचा मेळ बसला तर बसला. गिऱ्हाइकाला हे कळतही नाही, कारण फुलवाला कधी बोलून दाखवत नाही.

ज्या फुलांवाचून आपला सण होत नाही, त्यांतली काही परमुलखातून आलेली आहेत. झेंडू आणि गुलछडी दोन्ही मूळ मेक्सिकोकडची, शेवंती चीनकडची. आपल्या देवांनी ती केव्हाच आपली मानली. दारोदार पोचवण्याची रीत मात्र इथलीच आणि जुनी. बारा बलुतेदारांत गुरव होता. देवळातल्या पूजेबरोबर गावाला बेल आणि पत्रावळी पुरवणे त्याच्याकडे असे, आणि मोबदला म्हणून सुगीला धान्य मिळे. वर्षभर पुरवठा आणि हंगामाला हिशेब. आजच्या पुडीच्या वहीचा सांगाडा तोच आहे, फक्त धान्याच्या जागी आता रोख किंवा मोबाइलवरून पाठवलेले पैसे. पुण्यात हाच व्यवसाय एका घराण्याचे आडनाव बनला. जोतीराव फुल्यांचे पूर्वज मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, गोऱ्हे आडनावाचे. पुण्यात ते फुलांच्या कामात शिरले, पेशव्यांकडे हार-गजरे पुरवू लागले, त्यांना 35 एकर जमीन इनाम मिळाली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. महात्म्याच्या नावात आजही हा व्यवसाय आहे. फुलवाल्यांनी त्याचा अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते.

फुलवाल्याची वही हे स्वतंत्र प्रकरण. लांबट, पुठ्ठा सुटत आलेली, प्रत्येक घराला एक पान. महिन्याच्या तारखा आणि त्यांवर खुणा. पुडी गेली नाही तो खाडा, आणि महिन्याचे पैसे खाडे वजा जाता. पण खाडे वाचता येणाऱ्याला त्यात गावाचा सगळा वृत्तांत दिसतो. सलग दहा-बारा खाडे म्हणजे सुतक किंवा सोयर. घरात कोणी गेले किंवा भावकीत कोणी जन्मले. मे महिन्यातले खाडे म्हणजे मंडळी लेकीकडे. पुडी एकाएकी निम्म्या पैशांची करायला सांगितली, तर घरात पैशाची ओढ आहे. आजीच्या नावाने लावलेली पुडी तेराव्यानंतर सुरूच झाली नाही, तर पूजा आता कोणी करत नाही. हे सारे फुलवाल्याला दिसते आणि तो कुठे बोलत नाही. निरोप आला की “दादा, बारा दिवस नको”, तो एवढेच म्हणतो, “बरं ताई, सांगाल तेव्हा सुरू करतो.” कोण गेले हे विचारत नाही. बहुधा त्याला आधीच समजलेले असते, कारण अंत्ययात्रेचे हार त्याच्याच दुकानातून गेलेले असतात.

या हारांबद्दल वेगळे सांगायला हवे. पुडी रोजची, बाकीची कामे वर्दीची. सत्यनारायण असेल तर हार, सुटी फुले, हजार तुळशीपत्रे, आंब्याचे डहाळे आणि जमले तर केळीचे खुंटही. लग्न असेल तर वरमाला, मुंडावळ्या, वेण्या, गाडीची सजावट. ही वर्दी चार दिवस आधी येते आणि तिच्यात घासाघीस होते. मरणाची वर्दी मात्र कोणत्याही घडीला येते, रात्री दोनलाही. फुलवाला उठतो, असेल त्या फुलांचा हार करतो आणि पैसे नंतर बघू म्हणतो. ठरलेल्या लग्नाच्या कामातली फुले त्यासाठी काढून घेणारे आणि पुन्हा पहाटे बाजार गाठणारे फुलवाले आहेत. दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी दार उघडणारा दुकानदार गावात किती जणांना लाभतो?

परगावी आणि परदेशी गेलेल्यांची वर्दी ही अलीकडची भर. मुलगा टेक्सासमध्ये किंवा दुबईत, आईवडील गावी. पूर्वी तो शेजाऱ्याला फोन करून सांगायचा. आता थेट फुलवाल्याशी बोलतो: “काका, उद्या आईचा साठीचा कार्यक्रम, तिला सोनचाफा आवडतो.” सोनचाफा सगळीकडे मिळत नाही. काका कोणाच्या परसात झाड आहे हे आठवतात, तिथून ओंजळभर आणतात, गजऱ्यात ओवतात आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. मोठ्या कंपनीकडे मागणी नोंदवली असती तर यादीतला गुच्छ आला असता. सोनचाफा यादीत नसतो.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा रतीब बहुतेक गावांत पहिल्यांदाच तुटला. शेतकऱ्यांनी उभ्या झेंडूत नांगर घातला. देवळे त्या वर्षी 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021ला घटस्थापनेच्या दिवशी कायमची खुली झाली. तोवर बऱ्याच घरांना कुंडीतल्या दोन फुलांवर पूजा भागवायची सवय लागली होती. काहींनी पुडी पुन्हा लावलीच नाही. त्यात प्लॅस्टिकच्या फुलांनी मांडव, गाड्या आणि देव्हाऱ्यांच्या महिरपीसुद्धा व्यापल्या. त्यांच्यावर बंदी आणण्याची घोषणा राज्य सरकारने 2025च्या पावसाळी अधिवेशनात केली. तिची अंमलबजावणी कडक झाली पाहिजे. प्लॅस्टिकच्या माळेत ना शिवारातल्या शेतकऱ्याचा वाटा, ना दूर्वा खुडणाऱ्या बाईचा.

पुढच्या पिढीचा प्रश्न तर आहेच. पहाटे चारला उठण्याची मुलांची तयारी नाही आणि त्यांना दोष देता येत नाही. पण जिथे मुलाने किंवा सुनेने दुकान हाती घेतले, तिथे वहीबरोबर मोबाइलवर घरांचा गट तयार झाला आहे. उद्या प्रदोष आहे, बेल कोणाला हवा, हे आदल्या रात्री विचारले जाते. वाया जाणारी फुले कमी झाली आणि पैसे वेळेवर येऊ लागले. जुन्या रतिबाला हे नवे साधन छान मानवले आहे.

तुमच्या गावात फुलवाला असेल तर पुडी लावा. देवघर नसले तरी टेबलावर ठेवायला आठवड्यातून दोनदा फुले टाकायला सांगा, तो आनंदाने टाकील. खाडा असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा, कारण फुले रात्री-पहाटेच बांधली जातात. मोठी वर्दी चार दिवस आधी द्या आणि अमुकच फूल हवे असा हट्ट न धरता हंगामात काय चांगले आहे ते त्यालाच विचारा. पुडीच्या दरात घासाघीस करू नका. आणि महिना संपला की पैसे पहिल्या आठवड्यात चुकते करा. बाजारातल्या अडत्याला त्याचे पैसे रोजच्या रोज द्यावे लागतात.