वाळूच्या पोटातला बांध

नेदरलँड्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, लायडन शहराजवळ, काटवाइक हे मासेमारांचे जुने गाव आहे. गावाला बंदर नव्हते. सपाट तळाच्या होड्या थेट पुळणीवर ओढून घेत, त्यामुळे घरेही पुळणीला खेटून उभी राहिली. पुढे देशाची अधिकृत पूरसंरक्षण रेषा आखली गेली ती गावातूनच, आणि सुमारे ३,००० रहिवासी रेषेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला राहिले. ज्या देशाने १९५३च्या पुरात १,८३६ माणसे गमावली, तिथे हे फार काळ चालण्यासारखे नव्हते. या भागाच्या संरक्षणाचा निकषही कडक होता: दहा हजार वर्षांत एखादेच वेळी येईल अशा वादळाला किनारा पुरून उरला पाहिजे.

सोपा उपाय म्हणजे उंच भिंत. पण भिंत घातली की घरातून समुद्र दिसेनासा होतो आणि पुळणीवर जायला जिने शोधावे लागतात. आपल्याकडे कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा झालेल्या गावांना हे सांगायला नको. काळे दगड रचले की घरे वाचतात, पण होडी वर घ्यायची कुठून हा प्रश्न उरतोच. नुसत्या वाळूच्या टेकड्या वाढवायच्या, तर त्या इतक्या रुंद आणि उंच कराव्या लागल्या असत्या, की समुद्र गावापासून दूर गेला असता.

२०१३ ते २०१५ या काळात काटवाइकमध्ये दोन्ही उपाय एकात एक बसवण्यात आले. किनाऱ्याला समांतर दगडी बांध घातला आणि तो वाळूच्या टेकडीखाली पूर्ण गाडून टाकला. मोठ्या वादळात लाटा आधी वाळू खातील. ती संपली तर बांध उघडा पडेल आणि तिथे पाणी थांबेल. आत बांध असल्यामुळे टेकडी बेताची ठेवता आली. तिच्यावर मरम गवत लावले. हे गवत वाऱ्याने उडणारी वाळू अडवते, आणि वाळूने गाडले गेले तरी पुन्हा वर फुटते.

खरी गंमत बांधाच्या मागे आहे. बांध आणि गावाचा समुद्ररस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात, त्याच टेकडीच्या पोटात, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचे वाहनतळ बांधले आहे. साडेसहाशेहून अधिक गाड्या तिथे मावतात. पूर्वी रस्त्याच्या कडेला लागणाऱ्या गाड्या जमिनीखाली गेल्या, वर चालायला जागा मोकळी झाली. वाहनतळातून बाहेर पडले की माणूस थेट टेकडीवर, गवतात येतो; तिथून पायवाटा पुळणीवर उतरतात. २०१६ साली नेदरलँड्समध्ये ‘वर्षातील सर्वोत्तम इमारत’ हा पुरस्कार या वाहनतळाला मिळाला. जी इमारत बाहेरून जवळजवळ दिसतच नाही, तिला हा मान मिळावा, यातच तिचे कौतुक आले.

एवढी वाळू येते कुठून? उत्तर समुद्राच्या तळातून. मोठी गाळउपसा जहाजे किनाऱ्यापासून दूर तळाची वाळू शोषून घेतात आणि किनाऱ्यालगत येऊन फवारतात. २०११मध्ये द हेगजवळ अशी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी टाकून आकड्यासारखे वळलेले भूशिर तयार केले. त्याला ‘वाळूची मोटर’ म्हणतात, कारण पुढचे काम वारा, लाटा आणि प्रवाह करतात: ती वाळू हळूहळू किनाऱ्यावर पसरवतात. आतल्या खाजणात काइटसर्फिंग करणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. शिवाय हिमयुगात हा समुद्रतळ कोरडी जमीन होता, त्यामुळे वाळूबरोबर मॅमथचे दातही वर आले. याच पुळणीवर बर्चच्या डांबराचा मुठीचा गोळा चिकटलेले, सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचे निअँडरथल माणसाचे गारगोटीचे हत्यार मिळाले. किनारा वाचवायला निघालेल्यांच्या हाती असे घबाड लागेल, हे कोणाच्या हिशेबात नव्हते.

मात्र ही युक्ती उचलून कुठेही बसवता येत नाही. उत्तर समुद्र उथळ आहे, तळाशी वाळू मुबलक आहे, आणि खर्च पेलणारे सरकार आहे. कोकणच्या कातळी भूशिरांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणींचे गणित निराळे. शिवाय टाकलेली वाळू जागच्या जागी राहत नाही. म्हणून १९६५पासून डच किनाऱ्याचे छेद दरवर्षी मोजले जातात. १९९०ची किनारारेषा प्रमाण मानली आहे. मोजणीत किनारा तिच्या मागे सरकलेला दिसला की तिथे पुन्हा वाळूची जहाजे पाठवतात.