मरीन टँकची लाईट किती वाजता लावायची? ग्राहकाला द्यायचं वेळापत्रक

ॲक्वेरियमचं दुकान चालवणाऱ्यांसाठीच्या व्हिडिओत आपण रीफ टँकचा टायमर सेट केला. तेच इथे लिहून देतोय, म्हणजे काउंटरवर हाताशी राहील.

नवा ग्राहक लाईटवर भरपूर पैसे घालतो आणि वसूल करायची म्हणून ती सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवतो. मग काचेवर शेवाळ धरतं, कोरल पांढरं पडतं आणि तो टँकच विकायला काढतो. त्याच्याबरोबर मीठ, टेस्ट किट, खाद्य, मेंटेनन्स हे दर महिन्याचं कामही जातं. म्हणून वेळापत्रक ठरवून देणं हे आपलंच काम समजा.

आधी कारण समजून घ्या

कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. उजेड अति झाला किंवा पाणी फार तापलं, की कोरल हे शेवाळ बाहेर टाकतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

उष्ण कटिबंधात दिवस साधारण १२ तासांचा असतो, पण कडक ऊन मधले काही तासच. टँकलाही तसंच हवं: हळूहळू उजाडणं, मधे स्थिर उजेड, हळूहळू मावळणं आणि मग पूर्ण अंधार.

वेळापत्रक

ग्राहक कामावरून ७ वाजता येत असेल तर सकाळी ८ ला लाईट लावून उपयोग काय? कोरलला घड्याळ कळत नाही, रोज तीच वेळ पाळली की झालं. असं ठेवा:

- दुपारी १ : फक्त निळा, अगदी मंद
- १ ते ३ : हळूहळू वाढवत न्यायचा, पांढराही सुरू करायचा
- ३ ते ९ : ठरलेला पूर्ण उजेड
- ९ ते ११ : हळूहळू कमी, शेवटी फक्त निळा
- रात्री ११ : बंद

एकूण १० तास, त्यातले ६ पूर्ण उजेडाचे. पांढरा उजेड निळ्यापेक्षा कमीच ठेवा.

किती टक्के?

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. एका कंपनीची ६०% आणि दुसरीची ६०% यांत खूप फरक असतो. जमलं तर दुकानात एक पार मीटर ठेवा. मशरूम, लेदर यांसारख्या सॉफ्ट कोरलला साधारण ५० ते १५० पार पुरतो.

समजा मोजून ६०% ठरलं, तर सुरुवात ३०% वर करा आणि दर आठवड्याला ५% वाढवा. सहा आठवडे लागतील, लागू द्या. वाढवताना कोरल मिटून राहिलं किंवा रंग फिका पडला, तर मागच्या टक्क्यावर या. कोरल उजेडाकडे लांबत असेल तर उजेड कमी पडतोय. एका वेळी एकच गोष्ट बदला, टक्के नाहीतर तास.

शेवाळ वाढलं तर नुसती लाईट कमी करून भागत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा, खाद्य किती पडतंय तेही विचारा. टँक नवा असेल, सायकल चालू असेल आणि कोरल नसेल, तर लाईट लावायची गरजच नाही.

आपल्याकडच्या दोन अडचणी

पहिली, वीज जाणं. चक्रीवाला साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. दोन तास गेली तर रात्री ११ ऐवजी १ ला बंद होणार. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर द्या.

दुसरी, उन्हाळा. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं असतं. एप्रिल-मे मध्ये घर दुपारीच सगळ्यात जास्त तापतं, त्यात लाईटची उष्णता. या दिवसांत सगळं वेळापत्रक दोन तास पुढे ढकला, तास तेवढेच ठेवा.

विकताना लक्षात ठेवा

दगडी सांगाड्याची कोरल आणि गॉर्गोनियन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका. बाकी जिवंत माल घेतानाही बिल आणि कागद मागून घ्या.

आता एक काम करा. वरचं वेळापत्रक एका कार्डावर छापा, टक्के आणि तारीख पेनने भरा, टँकच्या स्टँडला आतून चिकटवा. पंधरा दिवसांनी स्वतः फोन करून विचारा, "आता किती टक्क्यांवर आहात?"