ऊष्मारोधी लेप व वितळलेली सिलिकेटे
झोत एंजिनाच्या टरबाइन पात्यांवर झिर्कोनियात वजनाने ७–८ टक्के इट्रिया मिसळून केलेला सिरॅमिक लेप देतात. एंजिनात शिरलेली वाळू वा ज्वालामुखीची राख सुमारे १,२००° से.च्या वर वितळून लेपाच्या छिद्रांत झिरपते. जावातील गालुंगगुंगच्या राखेने १९८२ मध्ये एका बोइंग ७४७ ची चारही एंजिने बंद पडली होती, तेव्हा धोका केवळ लेपापुरता नाही. छिद्रांमुळेच लेप ताण सोसतो; ती काचेने बुजली की थंड होताना त्याचे पापुद्रे सुटतात. गॅडोलिनियम झिर्कोनेटाचा थर यावर उपयुक्त ठरला आहे. वितळाशी त्याची त्वरित विक्रिया होऊन ॲपेटाइटाचे स्फटिक बनतात व झिरप वरच अडते. लेपाने स्वतःचा थोडा भाग खर्ची घालावा, असा हा उपाय होय. मात्र हा पदार्थ ठिसूळ असल्याने तो इट्रियायुक्त थरावर देतात.