‘मनात तसे काही नव्हते’

कचेरीत एखादा नवा कारकून रुजू होतो. पहिल्याच दिवशी दुपारी डबे उघडले जातात आणि ज्येष्ठ सहकारी आपुलकीने चौकशी करतात : आडनाव काय, मूळ गाव कोणते? आडनाव जाधव किंवा मोरे निघाले की चौकशी तेथे थांबत नाही. कारण ही आडनावे महाराष्ट्रात एकाहून अधिक जातींत आढळतात. मग ‘जाधव म्हणजे नेमके कोण?’ असा पुढचा प्रश्न येतो. उत्तर मिळते आणि जेवण पुढे सुरू होते. कोणी अपशब्द उच्चारलेला नसतो, कोणी डबा दूर सारलेला नसतो. तरीही संध्याकाळी घरी परतताना नवा कारकून त्याच प्रश्नाचा विचार करीत असतो आणि विचारणाऱ्याला तो प्रश्न आठवतही नसतो. पुढे कधी हा विषय निघालाच, तर एकाला तो पूर्वग्रह वाटतो, दुसऱ्याला साधी ओळख वाटते, आणि तिसरा ‘हल्ली काही बोलायचीच सोय राहिली नाही’ असे म्हणून उठून जातो.

या मतभेदाला क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येत नाही. पाणवठा बंद करणे किंवा देवळाचे दार लावून घेणे अन्यायाचे आहे, हे आज जाहीरपणे कोणी नाकारत नाही. वाद पेटतो तो त्यानंतरच्या पायरीवर. जेथे शिवी नसते, मारहाण नसते, असते ती केवळ एक रीत, एक चौकशी, एक विनोद. अशा वेळी बचावाचे एकच वाक्य ठरलेले असते : ‘मनात तसे काही नव्हते.’ बहुतेक वेळा हे वाक्य खरेही असते. चूक होते ती हे वाक्य म्हणजे वादाचा निकाल होय, असे मानण्यात. पूर्वग्रह मनात असतो आणि म्हणून मनाचा मालकच त्याचा एकमेव साक्षीदार, ही समजूतच मुळात तपासून पाहिली पाहिजे.

१९२९ साली चाळीसगावात घडलेला प्रसंग या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानकापासून महारवाड्यात त्यांना टांग्याने न्यायचे ठरले. परंतु एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकण्यास तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतील लोकांना प्रशस्त वाटेना. अखेर तडजोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा. जो हाकायला बसला त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेतील पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. टांगेवाले का आले नाहीत, हे त्यांना अपघातानंतर कळले.

त्या टांगेवाल्यांना कोणी विचारले असते, तर द्वेषाची कबुली त्यांनी खचितच दिली नसती. त्यांच्या लेखी तो आपल्या इभ्रतीचा प्रश्न होता. टांगा तर त्यांनी दिलाच होता, अडवणूक कोठे केली होती? वस्तीतील माणसांनाही पाहुण्याचा मानच राखायचा होता. कोणाच्याही मनात इजा करण्याचा विचार नसताना एका माणसाचा पाय मोडला. हेतूची झडती घेऊन या घटनेचा अर्थ लागत नाही. तो लागतो रीतीची झडती घेतल्यावर. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या आणि बॅरिस्टरी मिळविलेल्या माणसापेक्षाही टांगेवाल्याला आपण श्रेष्ठ आहोत असे वाटू शकते, यातच ती रीत पुरती उघडी पडते.

ज्या प्रकारच्या वस्तीकडे तो टांगा निघाला होता, तिचे जातीवाचक नाव महाराष्ट्रात पुढेही दीर्घकाळ कागदोपत्री चालत राहिले. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तेव्हाही ‘नावात काय आहे?’ असे म्हणणारे होतेच. ज्याला आपला पत्ता सांगताना कधी अडखळावे लागले नाही, त्याला नावात काही नसते. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर आणि टपालाच्या पाकिटावर आयुष्यभर तोच पत्ता लिहिणाऱ्याला मात्र त्या नावात बरेच काही असते. दोघेही प्रामाणिक असू शकतात. परंतु दोघांचा अनुभव एक नसतो.

कायद्यापुढेही हीच अडचण उभी राहिली होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले, तेव्हा ‘अस्पृश्यता’ या शब्दाची व्याख्या कोठेच दिलेली नाही, याकडे प्रा. के. टी. शहा यांनी लक्ष वेधले होते. आजच्या सतराव्या कलमातही ती व्याख्या नाही. मात्र १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, एक महत्त्वाची तरतूद आहे. त्या कायद्याखाली अपराध ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीसंबंधात घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नसल्यास ते आरोपीने सिद्ध करावे. मनाचा तळ कोणालाच दिसत नाही, हे ओळखून कायद्याने कृतीला बोलते केले.

कृती बोलते तेव्हा ती कसे बोलते, हे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. वृत्तपत्रांतील जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांकडे समान पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले. फरक होता तो केवळ नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश भरले. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला पूर्वग्रहदूषित म्हटले असते? बहुधा एकानेही नाही. ‘हा उमेदवार आमच्या कामाला जुळणारा वाटला नाही’ एवढेच त्यांनी सांगितले असते आणि तेही मनापासून.

घरांच्या बाबतीत हा वाद अधिकच नाजूक होतो. ‘शाकाहारी कुटुंबासच प्राधान्य’ ही अट आवडीची की आडपडद्याची? स्वयंपाकघरातील वासाचा त्रास खरा असू शकतो. परंतु मांसाहार न करणाऱ्यालाही केवळ आडनाव ऐकून ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळू लागले, की वासाचा प्रश्न संपलेला असतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते राखणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. संघटनेचे स्वातंत्र्य म्हणून त्या निकालाचे समर्थन झाले आणि शहरांच्या विभागणीला मुभा म्हणून त्यावर टीकाही झाली. जे कायद्यात बसते ते सारे न्याय्य असतेच असे नाही, हे येथेही ध्यानात ठेवावे लागते.

शिक्षकांच्या पेशाशी तर हा विषय रोज संबंध ठेवून आहे. वर्गात एखादा मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो आणि वर्ग हसतो. शिक्षकही हसले, तर तो मुलगा पुढच्या तासाला उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कामच आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु ‘तुझ्या घरी बोलतात ते चूक’ आणि ‘लेखनात अशी रीत आहे’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्याने मुलाची आईच अशुद्ध ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांत, वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याला राखीव गटातला म्हणून ओळखणे, कमी गुणांचे कारण म्हणून जातीकडे बोट दाखवणे यांची भेदभावात गणना केली गेली, ती काही उगाच नव्हे.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाला जात विचारावीच लागते. गावाकडच्या वडीलधाऱ्याने ‘कोणाचा रे तू?’ असे विचारले, तर त्यामागे बहुधा मायाच असते. प्रत्येक चौकशीला पूर्वग्रह म्हटले, तर तो शब्दच गुळगुळीत होईल आणि खऱ्या अन्यायाच्या वेळी त्याला धार उरणार नाही. शिवाय पूर्वग्रह हा कोणा एका जातीचा मक्ता नाही. ज्यांनी तो सोसला, त्यांच्यातही पोटजातींच्या भिंती आहेत आणि घरात लग्नाची गोष्ट निघाली की त्या दिसू लागतात.

म्हणूनच माणसाच्या अंतःकरणाची नव्हे, तर वागणुकीची कसोटी हवी. तोच प्रश्न सर्वांना विचारला जातो काय? उत्तर मिळाल्यावर वागण्यात काही बदल होतो काय? आणि ज्याला विचारले, त्याला उत्तर न देण्याची मोकळीक आहे काय? या तीन प्रश्नांना शिष्यवृत्तीचा कारकून निर्धास्तपणे सामोरा जाईल. ‘जागा कालच गेली’ म्हणणारा घरमालक जाऊ शकणार नाही. डब्याभोवती बसलेले ज्येष्ठ सहकारी मात्र क्षणभर विचारात पडतील, आणि त्यांनी पडावे हेच इष्ट आहे. कारण त्यांच्यावर कोणी गुन्ह्याचा आरोप ठेवलेला नाही. एक सवय त्यांच्या नजरेस आणून दिलेली आहे.

‘मनात तसे काही नव्हते’ हे वाक्य सभ्य माणसाच्या तोंडी शोभते, पण ते संभाषणाच्या शेवटी नव्हे, आरंभी. मनात खरोखरच काही नसेल, तर समोरच्याला काय लागले, हे ऐकून घेण्यात कमीपणा कसला? आणि ऐकून घेतल्यावर उद्याच्या डब्याच्या वेळी नव्या माणसाला त्याच्या गावची नदी, त्याचे पुस्तक, त्याचे काम विचारता येईल. ओळख तेवढ्यानेही होते.