जुनाट खांदेदुखी : कारणशोध आणि उपचार

प्रस्तावना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या खांदेदुखीस जुनाट खांदेदुखी असे म्हटले जाते. फळ्यावर लिहिणे, केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे यांसारख्या साध्या क्रिया तिच्यामुळे अवघड होतात आणि रात्रीची झोपही मोडते. तथापि खांदेदुखी हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. प्रस्तुत लेखात तिच्या कारणांचा शोध कसा घेतला जातो व उपचार त्यानुसार कसे बदलतात, याचा विचार केला आहे.

खांद्याची रचना

खांद्याची खोबण उथळ असून दंडाच्या हाडाचा गोल तिच्या मानाने मोठा असतो. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो. परंतु सांध्याचे स्थैर्य 'रोटेटर कफ' नावाच्या चार स्नायूंवर, त्यांच्या कंडरांवर आणि सांध्याभोवतीच्या संधिकोशावर अवलंबून राहते. म्हणूनच दुखण्याचे मूळ बहुधा हाडात नसून या मऊ ऊतींमध्ये आढळते.

कारणशोध

कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूस फिरविण्याची चाचणी येथे मोलाची ठरते. रुग्णाला स्वतःला हात फिरवता येत नाही आणि तपासणाऱ्यालाही तो फिरवता येत नाही, अशा वेळी एक्स-रे निर्दोष असल्यास 'फ्रोझन शोल्डर'ची शक्यता अधिक असते. हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी 1934 मध्ये रूढ केले. या विकारात संधिकोश जाड होऊन आकसतो, हे नेव्हिएझर यांनी 1945 मध्ये दाखविले. मधुमेही व्यक्तींत हा विकार अधिक आढळत असल्याने रक्तशर्करेची तपासणी आवश्यक ठरते. याउलट, रुग्णाला हात उचलताना वेदना होते, पण तपासणाऱ्याने उचलल्यास तो बराचसा वर जातो, तेव्हा दोष बहुधा रोटेटर कफमध्ये असतो.

वेदना कोपराखाली उतरून मुंग्या येत असतील तर मान तपासावी लागते. हालचालीने न बदलणारी वेदना पित्ताशय, हृदय किंवा फुप्फुसाच्या टोकाच्या विकाराची सूचक असू शकते. एम.आर.आय.मध्ये दिसणारी कंडरेची चीर मात्र दरवेळी दोषी नसते. वेदना नसलेल्या अनेक वयस्क व्यक्तींतही ती आढळते.

उपचार

फ्रोझन शोल्डरमध्ये सुरुवातीच्या वेदनेसाठी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन व सोसतील इतकेच ताणाचे व्यायाम दिले जातात. सुधारणेस एक ते तीन वर्षे लागू शकतात. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेल्या व 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भौतिकोपचार, भूल देऊन सांधा हलविणे आणि शस्त्रक्रिया यांपैकी कोणतीही पद्धत निर्णायकपणे सरस ठरली नाही.

रोटेटर कफच्या दुखण्यात क्रमाक्रमाने वाढविलेले बळवर्धक व्यायाम हा प्रथम उपचार होय. कंडरेवर घासणारे हाड तासण्याची शस्त्रक्रिया 1972 मधील नीअर यांच्या मांडणीनंतर प्रचलित झाली. परंतु 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 313 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, हाड न तासता केवळ दुर्बिणीने सांधा पाहिलेल्या रुग्णांनाही तितकाच आराम पडला. अपघाताने कंडरा अचानक पूर्ण तुटल्यास मात्र शस्त्रक्रियेचा विचार लवकर करणे हितावह असते.

निष्कर्ष

खांदेदुखीवर सरसकट लागू पडणारा उपचार नाही. ज्या व्यायामाने रोटेटर कफ सुधारतो, तोच आकसलेल्या संधिकोशावर लादल्यास वेदना वाढू शकते. यास्तव छायाचित्रणापूर्वी हाताची हालचाल तपासणे आणि उपचारापूर्वी कारण निश्चित करणे, हाच क्रम रुग्णाच्या हिताचा ठरतो.