पोटमाळ्यातल्या यंत्राचे पांघरूण

भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बर्फाची लादी ठेवा आणि तिच्यावर एक पातळ चादर टाका, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. अमेरिकेतील असंख्य घरांत मात्र जवळजवळ हेच केलेले आहे!

टेक्सास, फ्लॉरिडा अशा दक्षिणेकडील राज्यांतील घरे बहुधा लाकडी सांगाड्याची व उतरत्या छपराची असतात. छप्पर आणि खोल्यांचे सपाट छत यांच्यामध्ये जी तिकोनी पोकळी उरते तो पोटमाळा. घर गार किंवा ऊबदार ठेवणारे यंत्र आणि त्याची हवा खोल्याखोल्यांत पोचवणाऱ्या जाड नळ्या पुष्कळदा याच पोकळीत बसवतात. राहण्याची जागा अडत नाही, एवढाच त्यातला फायदा. पण उन्हाळ्यात या पोटमाळ्याचे तापमान ५५° सेल्सियसपर्यंत सहज चढते. आणि नळीतून वाहणारी हवा असते अवघी १३° तापमानाची.

आता थोडे गणित करू. एखाद्या थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागले की थराचा ‘उष्णतारोध’ मिळतो. थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरकाला या रोधाने भागा, म्हणजे दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत शिरते ते कळते. खोलीच्या छतावर काचलोकरीचा जाड थर असतो. त्याचा रोध सुमारे ६.७ धरू. वर ५५°, खाली २५°. फरक ३०°. म्हणजे साडेचार वॉट. नळीच्या वेष्टनाचा रोध मात्र १.४ च्या आसपास असतो आणि फरक आहे ४२°. उत्तर येते ३० वॉट! घरातील सर्वांत थंड वस्तू सर्वांत तापलेल्या जागी, आणि तिच्याच अंगावर सर्वांत पातळ पांघरूण.

यावर एक उपाय म्हणजे छपराच्या आतल्या बाजूने फेस फवारणे. दोन द्रव रसायने फवारताना एकत्र येतात, फुगतात व काही वेळात घट्ट होतात. उपाय गुणकारी आहे, यात शंका नाही. परंतु त्यातील एक रसायन आयसोसायनेट वर्गातील असून ते फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून फवारणीच्या वेळी व नंतर काही काळ घरच्यांना बाहेर राहावे लागते. शिवाय लाकडाला एकदा चिकटलेला फेस सहजासहजी सुटत नाही, आणि त्याच्याआड छप्पर गळू लागले तर ते लवकर ध्यानात येत नाही. त्यामुळे अनेकजण फेसाविना काम भागवणे पसंत करतात.

ते कसे? गोधडी ऊब देते ती कापडामुळे कमी आणि त्यात अडकलेल्या हवेमुळे जास्त. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. तिला हलू द्यायचे नाही, एवढेच पांघरुणाचे काम. १८३३ साली बॉस्टनहून एक जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. तरीही जवळपास १०० टन बर्फ शिल्लक राहिला. त्या काळी बर्फाभोवती भुसा, गवत असलीच साधी रोधके भरत. फेसाचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

आज भुशाची जागा काचलोकरीने, दगड वितळवून काढलेल्या खनिज लोकरीने आणि रद्दी कागदाच्या तुसाने घेतली आहे. कागद पेटेल, अशी शंका तुम्हाला येईल. म्हणून त्या तुसात टाकणखाराच्या जातीची बोरॉनयुक्त रसायने मिसळतात. त्यांनी आग सहजी पसरत नाही आणि किडेही दूर राहतात.

तूस पसरण्याआधी नळ्यांचे सांधे बंद करावे लागतात. हवा फटीतून निसटत असेल तर वर कितीही पांघरूण घाला, व्यर्थ! त्यासाठी लांबीसारखा दाट लेप लावतात. गंमत अशी की ‘डक्ट टेप’ या नावाने विकली जाणारी कापडी चिकटपट्टी नेमकी नळ्यांवरच टिकत नाही, असे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत १९९८ साली आढळले.

मग नळ्या छतालगत खाली घेऊन तुसात गाडतात. नळीवर दहा सेंटिमीटर थर पडला तरी एकूण रोध १.४ वरून ३.९ होतो आणि मघाचे ३० वॉट ११ वर येतात. मात्र दमट प्रदेशात एक घोटाळा होतो. तुसातून हवेतील बाष्प आत झिरपते. गाडलेल्या नळीचे बाहेरचे वेष्टन आता अधिक थंड झालेले असते. ते दवबिंदूखाली गेले की त्यावर पाणी साचते, थंड पाण्याच्या पेल्याला घाम फुटतो तसे. म्हणूनच अमेरिकेच्या २०१८ च्या आदर्श निवासी बांधकाम-नियमावलीत उष्ण व दमट भागांतील गाडलेल्या नळ्यांना आधीच सुमारे २.३ रोधाचे जाड वेष्टन सांगितले आहे.

नळ्या गाडता येतात, यंत्र नाही. त्याची गाळणी बदलावी लागते, पंखा दुरुस्त करावा लागतो, त्याखालच्या तबकातील पाणी वाहते आहे की नाही ते पाहावे लागते. तेव्हा त्याच्याभोवती प्लायवूडची किंवा जिप्समच्या तक्त्यांची छोटी खोली उभारतात, बाहेरून खनिज लोकरीच्या पाट्या ठोकतात आणि घट्ट बसणारे दार लावतात.

विजेवरचे यंत्र असेल तर काम येथे संपले. पण आत गॅसची भट्टी असेल तर तिला जळायला हवा हवी. बंद खोलीत ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. म्हणून अशा भट्टीला बाहेरून स्वतंत्र नळाने हवा आणतात. ज्या जुन्या भट्टीला तशी सोय नसेल, तिला कोंडायचे नाही. ती तशीच उघडी ठेवून भोवतालच्या नळ्याच तेवढ्या झाकायच्या. तिच्या तापलेल्या धुराड्याभोवतीही पत्र्याचे कडे बसवून तूस दूर थोपवून धरतात.