समुपदेशक सल्ला देत नाही, मग करतो काय?

"मॅडम, मी काय करू तेवढं सांगा." पहिल्या भेटीत हे बहुतेकजण म्हणतात. परवा एक काकूही म्हणाल्या.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय. औषधं देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. माझी पद्धत अ‍ॅरन बेक यांची. मूळचे मनोविश्लेषक असलेल्या बेक यांनी १९६०च्या दशकात ही उपचारपद्धती घडवली. तिच्यात दोघं मिळून विचार तपासतात.

काकूंना वाटत होतं, सून मुद्दाम टाळते. मी ते खोडलं नाही, मानलंही नाही. सून कधी बोलते, कधी नाही, हे त्यांनी आठवडाभर लिहायचं ठरलं. (तपशील बदललेत.)

प्रत्येक भेटीचा विषय दोघांनी ठरवायचा, शेवटी "काय पटलं नाही?" हेही मी विचारते. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

समुपदेशकाला शिक्षण आणि पद्धत जरूर विचारा. तातडीची गरज असेल तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, मोफत, चोवीस तास. बाकी शंका खाली लिहा.